कुशल-मंगलचा डबा

आई दिवाळीनंतर गेली. तिचा चष्मा, काठी, औषधांची पिशवी हे सगळं तेराव्यापर्यंत कुणी ना कुणी मार्गी लावलं. राहिला तो भिंतीवरचा डबा. तो काढायला अर्धा तास लागेल असं मी मीराला सांगितलं. मीरा माझी बायको. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती माझ्या अर्ध्या तासाबद्दल काही बोलत नाही, फक्त स्टूल कुठे ठेवलंय ते सांगते.

डबा म्हणजे जबलपुरातल्या आमच्या विजय नगरच्या कॉलनी समितीची 'कुशल-मंगल योजना'. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या नावाने भिंतीवर एक डबा बसतो. सकाळी सात वाजता त्यातला दिवा लुकलुकायला लागतो. आपण रात्रीतून गेलेलो नाही हे कळवण्यासाठी त्या माणसाने हिरवं बटण दाबायचं. आठपर्यंत बटण दाबलं नाही तर फाटकावरचा गार्ड घरी येऊन विचारपूस करतो आणि वॉकी-टॉकीवर तसं कळवतो. कॉलनीतले सगळे डबे, कॅमेरे, फाटकं, सगळं एकाच कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. तो कॉम्प्युटर मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतो, त्यामुळे कॉलनीची सुरक्षा आणि समोशाचा वास एकाच जिन्याने वर जातात.

एका घराला एकच डबा, असा नियम. आमच्याकडे तेव्हा दोन म्हातारी माणसं होती. माझे वडील बाबाराव शहाऐंशीचे. "मले काय होते? हिच्या नावानं लावा," असं ते म्हणाले आणि डबा अंजनीबाई पिंपळापुरे या नावाने बसला. आईने तो फार मनावर घेतला. पारोशाने बटण दाबायला ती तयार नसे. पारोशा तोंडाने ठीक आहे म्हणून कसं सांगायचं, असा तिचा सवाल होता. अंघोळ, कुंकू, देवाला नमस्कार, मग बटण. थंडीत गीझर बिघडला तेव्हा दोनदा गार्ड धावत आला होता. दोन्ही वेळा त्याला पोहे खाऊनच जावं लागलं.

आई गेली आणि दिवा लुकलुकतच राहिला. मी रोज सातला फिरायला निघतो. मीराही त्याच वेळी शाळेला जाते, तिची नोकरी अजून बाकी आहे. चपला घालताना तो दिवा डोळ्यांसमोर असायचा. मला ते बघवत नव्हतं, सरळच सांगतो. आईला हाक मारतोय आणि ती ओ देत नाही, असं रोज सकाळी वाटायचं. म्हणून डबा काढायचा ठरवला. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

स्टुलावर मी चढलो, पण खाली रत्नाकर उभे होते हे चुकलं. रत्नाकर आमचे शेजारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तार या विषयावर त्यांच्याशिवाय कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. "आधी पिवळी ओढा," ते म्हणाले. मी पिवळी ओढली. काही झालं नाही. मग त्यांनी निळी ओढायला सांगितली.

आमच्या गल्लीतल्या सगळ्या डब्यांचे निरोप आमच्या डब्यातून पुढे जातात, ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. निळी तार निघाली आणि पलीकडे कंट्रोल रूममध्ये गल्लीतले यच्चयावत म्हातारे एकदम लाल झाले. पहिल्यांदा शिट्ट्या ऐकू आल्या. मग समोरच्या गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलेल्या विभावरी काकूंना तीन गार्ड खुर्चीसकट उचलून खाली आणताना दिसले. काकू सांगत होत्या की मला काही झालेलं नाही. पण त्या वयाच्या माणसाने असं सांगितलं की लोक जास्तच घाबरतात. अँब्युलन्स आली, रक्तदाब मोजला, तो अर्थातच वाढलेला निघाला. इतकी माणसं उगाच येणार नाहीत, अशी काकूंचीही हळूहळू खात्री पटली आणि त्या दोन दिवस अंथरुणावर पडून राहिल्या. ते अर्धे सोललेले मटार शेवटी मीराने सोलून दिले.

संध्याकाळी समितीच्या ग्रुपवर 'कुछ गैर-जिम्मेदार लोग' अशी सुरुवात असलेला निरोप आला. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. नर्मदा कुठून निघते आणि कुठे जाते हे या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना माझ्यामुळे माहीत आहे. पण खाली हात जोडणाऱ्या चिन्हांची जी रांग लागली, त्यात माझे तीन विद्यार्थी होते. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन डबा परत लावून गेला. डबा असा काढत नाहीत, आधी कॉम्प्युटरमधून नाव काढावं लागतं, मग तो भिंतीवरून आपोआप सुटा होतो, असं त्याने मला समजावलं. रत्नाकर म्हणाले, "मी हेच सांगणार होतो."

म्हणून मी कंट्रोल रूमला गेलो. आईच्या मृत्यूचा दाखला बरोबर घेतला. रत्नाकर न बोलावता बरोबर आले. तिथले प्रमुख तिवारीजी. माणूस वाईट नाही, पण पडद्याकडे बघत बोलतो. मी सांगितलं, माझी आई वारली, तिचं नाव काढा. त्यांनी नाव टाकलं, थोडा वेळ बघितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. अंजनीबाई पिंपळापुरे या नावापुढे हिरवी खूण होती.

"आज सुबह की रिपोर्ट है," तिवारीजी म्हणाले. "माताजी ठीक हैं। हमारे आदमी ने घर जाकर देखा है।"

मी त्या हिरव्या खुणेकडे बघत राहिलो. नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी मी माझ्या हातांनी सोडल्या होत्या. तरी क्षणभर मनात आलं, कुणी जाऊन बघितलं असेल तर असेलही. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग मी दाखला पुढे केला. तिवारीजींनी तो नीट वाचला, परत दिला आणि हळहळ व्यक्त केली. पण अडचण अशी होती की मशीन दाखला वाचत नाही. नाव काढायचं तर कारण निवडावं लागतं. त्यात 'निधन' आहे, पण ज्याची विचारपूस झाली आणि जो ठीक निघाला, त्याला मशीन त्या दिवशी मरू देत नाही. कुणी चुकून जिवंत माणसाला काढू नये म्हणून ही खबरदारी. आणि आई तर रोजच ठीक निघत होती. गार्ड रोज जात होता, रोज सगळं ठीक म्हणून कळवत होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी साडेआठच्या पुढे परततो, कारण फिरणं संपतं तिथे पोह्याची एक गाडी उभी असते. ही माहिती मीराला नाही.

तिवारीजी आता माझ्याकडे बघायला लागले होते. जिवंत आईला काढून टाकू बघणारी मुलं त्यांनी पाहिली असावीत. शेवटी त्यांनी सुचवलं की माताजींनाच इथे घेऊन या, त्या समोर बोलल्या की काम होईल. रत्नाकरांनी यावर पाकिटं, सिग्नल आणि सर्व्हर यांच्याविषयी पुष्कळ सांगितलं. ते थांबल्यावर तिवारीजींनी मला विचारलं, "साहब, माताजी का हटवाना ही है तो आपका लगवा दें? साठ के ऊपर वालों का लगता है।"

मी आदल्याच दिवशी केस काळे केले होते. बासष्ट हे काही म्हाताऱ्याचं वय नव्हे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मला कुणाच्या विचारपुशीची गरज नाही, आणि जिना जरा जोरातच उतरलो.

दुसऱ्या दिवशी मी फिरायला निघालो आणि कोपऱ्यावर वेळ काढून आठला परत आलो. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो. तिथे बाबा चहा करत होते.

याचं महत्त्व बाहेरच्यांना कळणार नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी चहा केलेला नाही. आई माहेरी गेली की ते शेजारी पिऊन येत. आता ते आलं ठेचत होते. दाढी झालेली, धुतलेला स्वेटर घातलेला. मला बघून ते दचकले नाहीत, फक्त बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "तिकडे बस. मध्ये बोलू नको."

घंटी वाजली. दारात गार्ड कोदूलाल, घमापूरहून सायकलवर येणारा, पन्नाशीचा माणूस. "बाबूजी, राम-राम। माताजी ठीक हैं?" त्याने विचारलं.

"पहले अंदर आओ भैया," बाबा म्हणाले. "बैठो. पाणी घ्या."

कोदूलाल बसला. समोरच आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. पाणी झालं, चहा आला. आणि बाबा सांगू लागले. आई अमरावतीहून लग्न करून जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात ती मराठीतच भाव करायची आणि भाजीवाले तिच्यापायी मराठी आकडे शिकले. एकदा भाजीवालीचं पोर आजारी होतं तर ही भाजी न घेताच पोर घेऊन घरी आली. ही गोष्ट मी ऐकलेली नव्हती. बाबा एवढं बोलतात हेच मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून ते माझ्याशी "अच्छा" आणि "जेवलो" यापलीकडे बोलले नव्हते. मग वॉकी-टॉकी खरखरला. कोदूलाल उठला, कप स्वतः धुऊन ठेवला आणि यंत्रात म्हणाला, "पिंपळापुरे जी के यहाँ सब ठीक।"

तो गेल्यावर मी बाबांना विचारलं, आई गेल्याचं तुम्ही त्याला सांगितलं नाही?

"सांगणारच होतो," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगणार होतो. पण तो दारात उभा होता. दारात उभ्या माणसाले असं सांगतेत काय? तुझी आईच रागावली असती. म्हणून बसवलं, पाणी देल्लं, चहा देल्ला. तेवढ्यात त्याचं बोलावणं आलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही तो दारातच उभा होता ना."

हा आईचा कायदा होता हे खरं. दारातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. आधी पाणी, मग खाणं, मग चहा, मग बातमी. आजोबा गेले तेव्हा नागपूरहून आलेल्या काकाला तिने आधी दोन बशा पोहे खायला लावले होते. आजोबा आज इतके गप्प का, असं काका खाता खाता विचारत होता. आईच्या मृत्यूची बातमी आईच्याच नियमात अडकली होती आणि तो नियम मोडणारं माणूस आमच्या घरात उरलं नव्हतं.

कोदूलालला मी फाटकाजवळ गाठलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हार टांगलेला फोटो कुणाला दिसत नाही? मग ठीक म्हणून का कळवतोस, असं मी विचारलं.

"भैया जी, जिस घर में बिठाकर चाय पिलाते हैं, वहाँ गड़बड़ कैसे बोल दें?" तो म्हणाला. शिवाय गुडघे दुखतात आणि सबंध सकाळभरात बसायला तेवढंच मिळतं, हेही त्याने सांगितलं.

मी म्हणालो, उद्यापासून खरं ते सांग. त्याने वॉकी-टॉकी माझ्या हातात दिला. हे आपल्याच्याने होणार नाही, तुमची आई, तुम्ही बोला, असं म्हणाला. म्हणून थंडीत, भर रस्त्यात, मी ते बटण दाबून सांगितलं की अंजनीबाई पिंपळापुरे यांचं निधन झालं आहे. तो आवाज एकट्या तिवारीजींना जातो अशी माझी समजूत होती. तो कॉलनीच्या सगळ्या फाटकांना जातो. थोडा वेळ नुसती खरखर आली, मग एकेका फाटकावरून "बहुत अफ़सोस हुआ, ओवर" असं येऊ लागलं. मलाही प्रत्येकाला "धन्यवाद, ओवर" म्हणावं लागलं. तेराव्यालासुद्धा इतक्या लोकांनी मला विचारलं नव्हतं. शेवटी कोदूलालने यंत्र परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिवारीजींचा फोन आला. आईच्या नावावरचं मशीनचं कुलूप निघालं होतं. आता एकच शेवटचं काम. डबा सुटा होण्याआधी त्याच्याकडून एकदा होकार यावा लागतो. म्हणजे हिरवं बटण एकदा दाबायचं. मी मीराकडे बघितलं. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. बाबा खुर्चीत बसले होते, ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी अंघोळ केलेली नव्हती. आधी अंघोळ करून आलो, देवाला नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. तिकडून तिवारीजी म्हणाले, "माताजी ठीक दिख रही हैं।" मग जरा थांबून म्हणाले, "अब नहीं दिख रहीं।"

दिवा विझला. डबा हाताने ओढताच निघाला. मागे भिंतीचा मूळचा रंग तेवढ्या चौकोनात शिल्लक होता.

"मंग उद्या तो येत नाही?" बाबांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, दोन कप चहा केला आणि दाराजवळ बसले. नऊ वाजता त्यांनी एक कप मोरीत ओतला. त्या आठवड्यात चहा बंद झाला, पुढच्या आठवड्यात दाढी. रत्नाकरांनी सल्ला दिला की वडिलांना बागेत नेत जा, आणि टेलिफोन खात्यातल्या एका साहेबाची हकीकत सांगितली. तो बागेत जाऊन बरा झाला की वारला हे मात्र त्यांना आठवेना.

मी पोह्याची गाडी सोडली आणि सकाळी बाबांसमोर बसू लागलो. चहा मी केला. आईचं काहीतरी सांगा ना, असं म्हणालो. बाबांनी कप खाली ठेवला.

"तुले काय सांगू?" ते म्हणाले. "तू तं होताच."

कोदूलाललाही मी बोलावलं. एका दुपारी ड्यूटी संपल्यावर तो आला, टोपी हातात धरून खुर्चीच्या टोकावर बसला. त्याला काही विचारायचं नव्हतं, म्हणून बाबांना काही सांगायचं नव्हतं. "काही काम होतं काय?" बाबांनी विचारलं. तो उठला. सकाळी यायची सोय नव्हती. ज्या घराचा दिवा लाल नाही तिथे गार्ड बसलेला कॅमेऱ्यात दिसला तर त्याला बोलणी बसतात.

मग बाबांच्या नावाने डबा घ्यावा का, याचा मी विचार केला. पण बाबाच दार उघडणार. समोर उभा असलेला माणूस ठीक आहे हे गार्डला उंबऱ्यातूनच दिसणार आणि तो तिथूनच परत फिरणार. जो दिसत नाही अशाच माणसाची चौकशी करावी लागते. मीराला साठ व्हायला वेळ आहे. घरात उरलं कोण याचा हिशोब मी दोन दिवस टाळला.

तिसऱ्या दिवशी मी तो समोशाच्या वासाचा जिना चढलो. तिवारीजींनी मला बसवलं, पाणी मागवलं. "हम तो पहले ही कह रहे थे, साहब," ते म्हणाले. आजार विचारल्यावर मी गुडघे सांगितले, ते त्यांना कमी वाटलं म्हणून त्यांनी चक्करही घातली. दुपारी डबा त्याच चौकोनात परत बसला. कॉम्प्युटरात आता अच्युत पिंपळापुरे, ज्येष्ठ नागरिक, असं दिसतं. ही बातमी गल्लीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. विभावरी काकूंनी मऊ खिचडी पाठवली आणि जपून राहायला सांगितलं. माझ्या एका विद्यार्थ्याने रस्त्यात मला हात धरून पलीकडे नेलं. मला पलीकडे जायचं नव्हतं.

आता सकाळी सातला दिवा लुकलुकतो आणि मी बटण दाबत नाही. फिरणं बंद, पोहे बंद. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडून असतो, कारण दिसलो तर सगळंच फसेल. बाबांच्या दाढीच्या ब्रशचा आवाज येतो, मग आलं ठेचल्याचा. आठनंतर घंटी वाजते.

"बाबूजी, राम-राम। भैया जी ठीक हैं?"

"पहले अंदर आओ," बाबा म्हणतात. खुर्ची सरकते, पाणी होतं. मग बाबा माझ्याबद्दल सांगतात आणि ते मला भिंतीआडून ऐकावं लागतं. त्याचं काही खरं नाही भैया, झोपून राहिला आहे. लहानपणापासून असाच. नोकरीतही फार काही केलं नाही. केस काळे करते, पण त्यानं काय होते? कोदूलाल हां हां म्हणतो. माझ्याबद्दल तसं सांगण्यासारखं फार नसल्यामुळे हे लवकर संपतं.

"त्याची आई असती तर..." बाबा म्हणतात आणि थांबतात.

"फिर, बाबूजी?" कोदूलाल विचारतो.

मी दाराच्या फटीतून दिसणाऱ्या दिव्याकडे पाठ करतो आणि ऐकत पडून राहतो.